अपूर्णांकातील ‘पूर्ण’

आपल्या आधीच्या पिढ्यांनी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी मुखोद्गत केली होती. रुपया सोळा आण्यांचा असल्याने पाव म्हणजे चार आणे, निम्मा म्हणजे आठ आणे, हे मुलांना बाजारातच उमगत असे. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणेपद्धती आली आणि हिशेब सुलभ झाले. मात्र टक्का हाही शंभर छेद असलेला अपूर्णांकच आहे, याचे भान व्यवहारात क्वचितच राहते.

अपूर्णांकाला विचारावयाचा पहिला प्रश्न ‘किती?’ हा नसून ‘कशाचा?’ हा आहे. अर्धी भाकरी म्हणजे नेमकी किती, हे अखेर भाकरीच्या आकारावरच ठरते.

काही वर्षांपूर्वी शिवणकामाचा व्यवसाय करणाऱ्या एक भगिनी आमच्या शाखेत एक लाख रुपयांच्या कर्जाची चौकशी करून गेल्या. आम्ही १३ टक्के दर सांगितला. अन्यत्र त्यांना १० टक्के ‘फ्लॅट’ दराने कर्ज मिळाले. तीन टक्के वाचल्याचे समाधान त्यांनी पुढे आम्हांला बोलून दाखविले. प्रत्यक्षात वर्षभराच्या बारा समान हप्त्यांत त्यांना १०,००० रुपये व्याज पडणार होते. आमच्याकडे ते सुमारे ७,१८० रुपये झाले असते!

याचे कारण ‘पूर्णा’त दडलेले आहे. हप्त्यागणिक मुद्दल घटत जाते. आमचे १३ टक्के त्या घटत्या शिल्लकेचे होते, तर ते १० टक्के अखेरपर्यंत मूळ लाखाचेच. घटत्या शिल्लकेवर मोजल्यास तो दर जवळपास १८ टक्के भरतो.

दोष केवळ त्या भगिनींच्या समजुतीचा नव्हता. ‘१३ टक्के’ एवढेच सांगून आम्हीही थांबलो होतो. अंश सांगितला, पूर्ण सांगितले नाही.

वास्तविक ‘दरसाल दरशेकडा’ या आपल्या जुन्या शब्दप्रयोगात काळ आणि रक्कम दोन्ही स्पष्ट आहेत. ‘महिना दोन टक्के’ ऐकावयास अल्प वाटतात; दरसाल म्हटले की तेच २४ होतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने कर्जदारास मुख्य तथ्य विवरण देणे बंधनकारक केले आहे. त्यात शुल्कांसह येणारा वार्षिक दर दिलेला असतो. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु कागद समजावून सांगणारा माणूस समोर नसेल, तर त्याचा उपयोग निम्माच.

म्हणून ग्राहकांना विनंती, की कोणताही टक्का ऐकताच ‘कशाचा, आणि किती काळाचा?’ असे निःसंकोच विचारावे. आणि सहकाऱ्यांनो, ग्राहकाने विचारण्यापूर्वीच ते सांगणे, हे आपले काम आहे.