भांडण, आणि मग पुतळा!

चौकातला पुतळा तुम्ही रोज बघता. पण पुतळा कसा असावा हे सरकारनंच ठरवून दिलं तर? सोव्हिएत संघात १९३४ पासून तसंच झालं. त्या शैलीचं नाव समाजवादी वास्तववाद. नावात 'वास्तव', पण माणूस आहे तसा नाही, असायला हवा तसा घडवायचा! कामगार पिळदार, शेतकरीण हसतमुख आणि नेता कायम दूर कुठंतरी बघणारा. 'सोव्हिएत संघाचा वीर' हा किताब दोनदा मिळाला, की त्या माणसाच्या गावात त्याचा कांस्याचा अर्धपुतळा बसायचा. तोही जिवंतपणी!

एर्न्स्ट नेइझ्वेस्तनी हा शिल्पकार मात्र या चौकटीत मावेना. (या आडनावाचा अर्थच मुळी 'अज्ञात'!) दुसऱ्या महायुद्धात तो इतका जबर जखमी झाला, की गेलाच असं समजून त्याला मरणोत्तर पदक दिलं गेलं. असा माणूस कुणाला घाबरणार? त्याच्या शिल्पांतली माणसं मोडलेली, पिळवटलेली असायची.

१ डिसेंबर १९६२. मॉस्कोतल्या मानेझ या इमारतीत चित्र-शिल्पांचं प्रदर्शन होतं. देशाचे सर्वेसर्वा निकिता ख्रुश्चेव्ह (१९५५ साली मुंबईला येऊन गेले, तेच) बघायला आले आणि जाम भडकले. बाकीचे गप्प. नेइझ्वेस्तनी मात्र पुढं झाला आणि सगळ्यांदेखत त्यांच्याशी तावातावानं भांडला.

१९६४ मध्ये ख्रुश्चेव्हनाच खुर्ची सोडावी लागली. ११ सप्टेंबर १९७१ रोजी ते वारले. मोठ्या नेत्यांना क्रेमलिनच्या भिंतीशी जागा मिळायची. यांना ती मिळाली नाही, नोवोदेविची दफनभूमीत पुरलं. थडग्यावर स्मारक हवं होतं. मुलगा सर्गेई कुणाकडे गेला असेल? थेट नेइझ्वेस्तनीकडे!

तुम्ही असता तर काय केलं असतं? मी तर दार लावून घेतलं असतं. त्यानं काम घेतलं.

एकमेकांत अडकलेले पांढरे आणि काळे दगड, आणि मधल्या चौकटीत ख्रुश्चेव्हचं कांस्याचं डोकं. पदकं नाहीत, रुबाब नाही. टकलू, जाड मानेचा एक म्हातारा माणूस. पांढरं-काळं का? १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हनी स्टॅलिनच्या जुलमांबद्दल भाषण केलं, छावण्यांतले पुष्कळ कैदी सुटले. आणि त्याच वर्षी हंगेरीत रणगाडेही यांनीच घुसवले.

अधिकाऱ्यांना हे कसं रुचणार? परवानगी लांबतच गेली. शेवटी ख्रुश्चेव्हच्या पत्नी नीना पेत्रोव्हना यांनी पंतप्रधान कोसिगिन यांना गळ घातली, तेव्हा कुठं १९७५ मध्ये स्मारक उभं राहिलं. पुढच्याच वर्षी नेइझ्वेस्तनीनं देश सोडला. २०१६ मध्ये तो न्यूयॉर्कला वारला.

या स्मारकाचा फोटो मिळाला तर नीट बघा, पांढरं जास्त आहे की काळं? आमच्या घरी यावरून जेवणाच्या पानावर भांडण झालं, आमटी गार झाली तरी मिटलं नाही.