आधी पाया, मग दिवे
(तृतीय वर्ष, वाणिज्य)

आपल्याकडे टेबलाखाली ठेवलेल्या संगणकाच्या पेटीला सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात. कचेरीत म्हणतात, कॉलेजच्या संगणक कक्षात म्हणतात, दुरुस्तीला आलेला कारागीरही म्हणतो. वास्तविक सीपीयू म्हणजे आत बसवलेला, काडेपेटीएवढा प्रोसेसर. बाहेर दिसते ते कॅबिनेट. नावातील ही गफलत वरवर निरुपद्रवी वाटते. परंतु माझ्या मते खरेदीच्या वेळी तीच खिशावर येते. संगणक म्हणजे प्रोसेसर, असे एकदा मनात बसले की सारा पैसा प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डावर जातो. मदरबोर्ड आणि कॅबिनेट मात्र उरल्यासुरल्या पैशांत ‘कुठलेही चालेल’ म्हणून घेतले जाते. हा क्रम उलटा आहे आणि तो बदलायला हवा, एवढेच मला या लेखात सांगायचे आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का पडावे, असे विज्ञान शाखेचे मित्र विचारतील. उत्तर सोपे आहे. हा प्रश्न जितका विजेचा आहे तितकाच भांडवलाचा आहे. आणि तो मला पुस्तकात नव्हे, सुरतेत भेटला.

सुरत म्हटली की आपल्याला शाळेच्या इतिहासातील १६६४ आणि १६७० ही दोनच साले आठवतात. आजची सुरत वेगळी आहे. कृत्रिम धाग्याचे कापड, साड्या, भरतकाम आणि हिऱ्यांना पैलू पाडणे यांवर ते शहर उभे आहे. तापीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने खानदेशातील हजारो कुटुंबे तेथे कामाला गेली आणि लिंबायत, उधना या भागांत स्थिरावली. सुरत महानगरपालिकेच्या शाळांत मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. माझे मामा मूळचे बेळगावच्या वडगावातील, मागावर बसणाऱ्या घरातले. तेही वीस वर्षांपूर्वी तेथे गेले. आता माग सुटला आणि संगणक आला. एका खोलीत मामा आणि मामेभाऊ साड्यांच्या छपाईची डिझाइने करून देतात. खोलीच्या खाली यंत्रमाग चालतात. घरातील पाच माणसांचे पोट त्या एका यंत्रावर आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तेथे होतो, तेव्हा नव्या, अधिक ताकदीच्या संगणकाची बोलणी चालू होती. तीन दुकानांची कोटेशने मी वाचली. तिन्हींत प्रोसेसरचे नाव ठळक, ग्राफिक्स कार्डाचे नाव ठळक. आणि खाली ‘मदरबोर्ड – १ नग’, ‘गेमिंग कॅबिनेट, काच व रंगीत दिव्यांसह – १ नग’. बोर्ड कोणता, कॅबिनेटमधून हवा कोठून येणार आणि कोठून जाणार, याचा पत्ता नाही. घर बांधणाऱ्याने पडद्यांचा रंग सांगावा आणि पायाबद्दल ‘पाया – १ नग’ एवढेच लिहावे, तसला हा प्रकार!

प्रथम कामाचा हिशोब पाहू. साडेपाच मीटर लांब आणि सुमारे एक दशांश एक मीटर रुंद अशा अख्ख्या साडीचे चित्र एकसंध करायचे आणि दर इंचाला ३०० ठिपके ठेवायचे, तर ठिपक्यांची संख्या ८४ कोटींच्या घरात जाते. छपाईच्या चार रंगांसाठी प्रत्येकी एक बाइट धरला तर एकाच थराला सुमारे ३.४ जीबी स्मृती लागते. जमिनीचा एक थर, बुट्ट्यांचा दुसरा, काठाचा तिसरा, पदराचा चौथा. आता रॅम किती लागेल याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. अशा कामाला प्रोसेसरच्या नावाइतकेच बोर्डावर रॅमच्या खाचा किती आहेत याला महत्त्व आहे. स्वस्त बोर्डांवर बहुधा दोनच असतात. चार खाचा असल्या तर आज दोन भरता येतात आणि पुढे पैसे आले की आणखी दोन. चारही भरल्यावर डीडीआर ५ रॅमचा वेग थोडा खाली ठेवावा लागतो हे खरे. पण जुनी रॅम काढून टाकण्यापेक्षा ते परवडते. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कसे भडकले हे ज्यांनी पाहिले त्यांना हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट विजेची. प्रोसेसर सुमारे एक-सव्वा व्होल्टवर चालतो. एसएमपीएसमधून येणारे १२ व्होल्ट तेवढ्यावर उतरवण्याचे काम बोर्डावरील एक लहानसे मंडळ करते. त्याला व्हीआरएम म्हणतात. ताकदीचा प्रोसेसर भर कामात २०० वॅट सहज घेतो. त्याला सव्वा व्होल्टने भागले तर प्रवाह १६० अँपिअर येतो. आपल्या घरातील गिझरचा मोठा प्लग १६ अँपिअरचा असतो! म्हणजे त्याच्या दसपट प्रवाह त्या लहानशा जागेतून सतत जात असतो. तेथे हलके सुटे भाग आणि उष्णता पसरवणाऱ्या पट्ट्यांचा अभाव असला, की यंत्र गरम होऊन स्वतःच वेग कमी करते. पैसे वेगाचे दिले आणि वेग वापरता येत नाही. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

तिसरी गोष्ट पुढच्या दिवसांची. प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो ती सॉकेट किती वर्षे चालणार, हे बोर्ड घेतानाच ठरते. एएमडीच्या एएम ४ सॉकेटवर २०१७ साली घेतलेल्या अनेक बोर्डांत २०२२ साली आलेला प्रोसेसर केवळ बायोस अद्ययावत करून बसवता आला. त्याच कंपनीने २०२२ मध्ये आणलेले एएम ५ सॉकेट २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवण्याचे जाहीर केले आहे. इंटेलचे एलजीए १७०० हे सॉकेट २०२१ साली आले आणि २०२४ मध्ये नव्या प्रोसेसरांसाठी दुसरे सॉकेट आले. यात कोणी चांगले, कोणी वाईट, असा माझा निवाडा नाही. इंटेलचे यंत्र कित्येक कामांत सरस ठरते. पण बोर्ड विकत घेताना आपण पुढच्या चार-पाच वर्षांचे दार उघडे ठेवतो की बंद करतो, हे ठाऊक असावे.

आता कॅबिनेटकडे वळू. मेमध्ये सुरतेत पारा चाळिशीला जातो. पंख्याने गार करणाऱ्या यंत्राचे तापमान खोलीच्या तापमानावर चढते. पंचवीस अंशांच्या वातानुकूलित दुकानात जे यंत्र सुरळीत चालताना दाखवतात, ते चाळीस अंशांच्या खोलीत साधारण पंधरा अंश अधिक तापते. त्यात यंत्रमागाखालची धूळ ही नुसती माती नव्हे. तिच्यात धाग्याचे बारीक तंतू असतात, आणि ते पंख्यांवर व उष्णता-पट्ट्यांवर लोकरीसारखे बसतात. मामांचे जुने यंत्र हंगामात दुपारी आपोआप बंद पडत असे. उघडले तेव्हा आत राखाडी गोधडीच निघाली. पुढून बंद काच, हवेला फटीएवढी वाट आणि गाळणी नाहीच!

अशा जागी कॅबिनेट पुढून जाळीचे हवे. जाळीमागे काढून धुता येणारी गाळणी हवी. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी अधिक हवी, म्हणजे फटीफटीतून धूळ ओढली जात नाही. पंखा मोठा असला की कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतो आणि आवाजही कमी करतो. मापाचेही भान ठेवावे. १९९५ साली इंटेलने ठरवलेला एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ चा, आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७० चा. मोठ्या कॅबिनेटमध्ये लहान बोर्ड बसतो. लहानात मोठा बसत नाही. चिमुकले कॅबिनेट टेबलावर शोभते, परंतु आत हवेला जागा उरत नाही. आणि कॅबिनेट म्हणजे निव्वळ पत्र्याचा डबा असे कोणाला वाटत असेल, तर २०२१ सालची एक घटना सांगतो. एनझेडएक्सटी कंपनीचे ‘एच १’ हे लहान कॅबिनेट अमेरिकेत परत मागवावे लागले, कारण आतील एक जोडपट्टी ज्या स्क्रूंनी बसवली होती त्यांमुळे शॉर्टसर्किट होऊन आग लागण्याचा धोका होता.

आता आमच्या विषयाकडे येतो. प्राप्तिकराच्या नियमांत संगणकाला पूर्वी वर्षाला ६० टक्के घसारा मिळे. २०१७-१८ पासून तो ४० टक्के झाला. म्हणजे एक लाखाचे यंत्र तीन वर्षांनी वहीत २१,६०० रुपयांचे उरते. कंपनी कायदा, २०१३ च्या दुसऱ्या अनुसूचीतही अशा संगणकाचे आयुष्य तीन वर्षे धरले आहे. मात्र त्याच अनुसूचीत एक शहाणपणाचे कलम आहे. मालमत्तेच्या एखाद्या मोठ्या भागाचे आयुष्य बाकीच्यांहून वेगळे असेल, तर त्या भागाचा हिशोब वेगळा करावा. मामांची खोली म्हणजे कंपनी नव्हे. पण हा विचार घरच्या वहीतही चालतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड तीन-चार वर्षांत मागे पडतात. चांगला बोर्ड दुसरा प्रोसेसर पाहतो. चांगले कॅबिनेट तर दोन बोर्ड पाहते, कारण स्क्रूंच्या भोकांची जागा १९९५ पासून तीच आहे. मग जे सर्वांत जास्त टिकणार त्यावर सर्वांत कमी विचार का करायचा?

उदाहरणादाखल आकडे घेऊ. समजा, बोर्ड आणि कॅबिनेट मिळून एका पर्यायात १०,००० रुपये आणि दुसऱ्यात २२,००० रुपये पडतात. फरक १२,००० चा. तो सहा वर्षांवर वाटला तर महिन्याला १६७ रुपये होतो. आता समजा, रोजचे काम १,५०० रुपयांचे आहे आणि लग्नसराईच्या तोंडावर यंत्र आठ दिवस बंद पडले. तोटा तेवढाच, १२,००० चा. एकाच दुखण्यात सारी ‘बचत’ संपली. शिवाय व्यापारी दुसऱ्याकडे गेला तो वेगळाच.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की मग सर्वांत महाग बोर्डच घ्यावा की काय? मुळीच नाही. महाग बोर्डातील बराच पैसा वेग ओढून वाढवण्याच्या सोयींवर आणि दिव्यांवर जातो. साडीच्या डिझाइनला त्यांचा उपयोग नाही. मधल्या वर्गातील, चार खाचांचा, व्हीआरएमवर भक्कम पट्ट्या असलेला बोर्ड पुरतो. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. नावाजलेल्या कंपनीचा तयार संगणक घेतला तर ही डोकेदुखीच नको. ज्या कचेरीत दुरुस्तीला माणूस जागेवर येणे महत्त्वाचे, तेथे ते योग्यही आहे. पण अशा अनेक तयार यंत्रांत बोर्डाचा आकार आणि विजेच्या जोडण्या त्या कंपनीच्याच असतात. तीन वर्षांनी एक भाग बदलायचा तर बाजारातला भाग बसत नाही. लहान भांडवलाच्या माणसाला थोडे थोडे करून यंत्र वाढवावे लागते.

राहता राहिला प्रश्न भाषेचा. दुकानात मामा गप्प बसतात, याचे कारण त्यांना पैशाचे कळत नाही हे नव्हे. माहितीपत्रकातील इंग्रजी पाहून ते बिचकतात. मराठी माध्यमातून आलेल्या मलाही हा अनुभव आहे, आणि कन्नड माध्यमातील मित्रांनाही असणार. पण खरे पाहता प्रश्न सात-आठच आहेत. सॉकेट कोणते आणि त्यात पुढचा प्रोसेसर बसेल का? रॅमच्या खाचा किती? आपला प्रोसेसर बोर्ड-कंपनीच्या यादीत आहे का? एसएसडीच्या एम २ जागा किती? कॅबिनेट पुढून जाळीचे आहे का, गाळणी निघते का, पंखे किती? ग्राफिक्स कार्डाची लांबी आणि कूलरची उंची आत मावते का? बोर्डाची हमी किती वर्षांची आणि तिचे केंद्र शहरात आहे का? आणि शेवटी, पक्के बिल मिळेल ना? सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. तो वाचवायला बिल सोडले तर हमीचा पुरावा गेला, आणि नोंदणीकृत व्यावसायिकाचा कराचा परतावाही गेला.

हे प्रश्न मी मराठीत एका कागदावर लिहून मामांना दिले. त्यांनी तोच कागद तिन्ही दुकानांत पुढे केला. दोघांनी नवे कोटेशन दिले, त्यात बोर्डाचे नाव पूर्ण होते. मामेभावाला काचेचे कॅबिनेट हवे होते. तो थोडा हिरमुसला. शेवटी जाळीचे काळे, साधे कॅबिनेट आले, प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला आणि उरलेल्या पैशांत रॅम वाढवली. या निवडीचा खरा निकाल तीन-चार उन्हाळ्यांनंतर लागेल. पण पैसा कोठे आणि का गेला, हे मामांना एकेका ओळीने सांगता येते.

सुरत दूर आहे असे कोणी म्हणू नये. शहापूर-वडगावात आणि इचलकरंजीत माग आहेत, तंतू आहेत, उन्हाळा आहे. डिझाइनचे काम करणारी तरुण मुलेही आहेत. उद्या त्यांतील कोणी नवे यंत्र घ्यायला निघाला, तर आपल्यापैकी एकाने सोबत जावे. कन्नड विभागातील मित्रांनी हेच प्रश्न कन्नडमध्ये मांडावेत. आणि कोटेशनवर नुसते ‘१ नग’ दिसले, तर तो कागद दुकानदाराकडे परत सरकवून नाव पूर्ण लिहून मागावे.