माझ्या देवाला पावतीपुस्तक नाही

मी देव मानतो. आता बसा बोंबलत.

मागच्या बैठकीत वस्तीच्या समितीनं ठराव केला. ज्याच्या घरात देवाचा फोटो, टाक, तसबीर सापडेल त्याची वस्तू जप्त, आणि तो माणूस समितीच्या बाहेर. खाली बारा सह्या. मी उभा राहून बोललो तेव्हा एक जण म्हणाला, "तू कवी आहेस, भावनेच्या भरात बोलतोस." ठीक. मग हे गद्यात घ्या.

आधी मी काय मानत नाही ते लिहून ठेवा. ब्रह्मा-विष्णू-महेश मानत नाही. राम-कृष्ण, गौरी-गणपती मानत नाही. बुद्ध हा विष्णूचा अवतार, ही थाप मानत नाही. श्राद्ध नाही, पिंड नाही, भटाच्या हातून कसलाही विधी नाही. बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत, कागदात बघून म्हणणाऱ्यांतला मी नाही.

तर मग उरलं काय? सांगतो. रात्रपाळी सुटते तेव्हा अंगभर कापूस असतो. नाकात, भुवयांवर, घशात. जिनिंगच्या फाटकातून बाहेर पडलो की उत्तरेला सातपुडा हळूहळू दिसायला लागतो, केळीच्या बागांवरून गार वारा येतो, आणि मला कुणाशी तरी बोलावंसं वाटतं. मालकाशी नाही, मुकादमाशी नाही. दोस्तहो, तुमच्याशीसुद्धा नाही. त्या वेळी मी ज्याच्याशी बोलतो त्याला मी देव म्हणतो. त्याला तोंड नाही, नाव नाही, जात नाही. कायम आणि हंगामी हा भेद त्याच्याकडे नाही. मी त्याच्याकडे पगारवाढ मागत नाही, कारण पगारपत्रक त्याच्या हातात नाही, एवढं मला कळतं. पगारवाढीसाठी युनियन लागते.

हे माझ्यात कुठून आलं? माझ्या आजीकडून. 1956 च्या धर्मांतरानंतर तिच्या बापानं अख्खा देव्हारा उचलून तापीत सोडला. आजी तेव्हा दहा-अकरा वर्षांची, काठावर उभी होती. तिनं त्यानंतर मरेपर्यंत एकही टाक घरात येऊ दिला नाही, एकदाही कोंबडं कापलं नाही. पण संध्याकाळी दिवा लावला की भिंतीकडं तोंड करून बोलायची. भिंतीवर काही नाही, चुना फक्त. मी लहान असताना विचारलं तर म्हणाली, "देव तापीत गेले बापा, माहं बोलनं थोडीच गेलं."

आता मला सांगा, ही म्हातारी समितीच्या आत की बाहेर? तिच्याकडे जप्त करायला वस्तूच नाही. चुना खरवडून नेणार?

तुम्ही म्हणाल, बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' मध्ये ईश्वराला जागा ठेवलेली नाही. नाहीच ठेवलेली. तिथं शब्द फिरवायला मी बसलेलो नाही. ईश्वरावरची श्रद्धा हा धम्माचा भाग नाही, प्रार्थनेतून पुरोहित जन्मतो आणि पुरोहितातून अंधश्रद्धा, हे त्यांनी स्वच्छ मांडलंय. म्हणजे मी काही बाबतींत त्या ग्रंथाबाहेर आहे. असेन. पण त्याच बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले : बुद्ध, कबीर, फुले. या तिघांतले दोघे देव मानणारे होते! कबीराचा राम मंदिरात नव्हता, मशिदीत नव्हता, पण होता. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ कबीरपंथी होते. आणि जोतीरावांनी तर सगळ्या भटी देवांना झाडून काढलं आणि 'निर्मीक' हा शब्द ठेवला. उजवा हात अर्धांगानं गेला तेव्हा डाव्या हातानं 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' लिहिलं. ते 1891 मध्ये, त्यांच्या मरणानंतर छापून आलं. त्यात एक घर आहे, ते मला फार आवडतं. त्या घरातल्या बाईनं बौद्ध धर्माचं पुस्तक वाचून पटलं तर बौद्ध व्हावं, नवऱ्यानं बायबल वाचून ख्रिस्ती व्हावं, लेकीनं कुराण वाचून महंमदी व्हावं, पोरानं सत्यधर्मी व्हावं, आणि सगळ्यांनी एका छपराखाली प्रेमानं राहावं, कुणी कुणाचा द्वेष करू नये. हे लिहिणाऱ्या माणसाचा फोटो समितीच्या खोलीत बाबासाहेबांच्या शेजारी लावलाय. तुमच्या ठरावाप्रमाणे तो पहिल्यांदा जप्त करा.

माझं भांडण देवाशी नाही, दलालाशी आहे. आणि दलाल कसा ओळखायचा ते पंढरपूरनं शिकवलंय.

आपल्या फैजपूरनं 1936 च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन पाहिलं. खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष, त्याचा गावाला अजून केवढा अभिमान! वर्षभरापूर्वीच, 13 ऑक्टोबर 1935 ला, बाबासाहेबांनी येवल्यात सांगितलं होतं की हिंदू म्हणून मरणार नाही. काळाराम मंदिराच्या दारात 1930 पासून पाच वर्षं मार खाऊन काढल्यावर सांगितलं होतं. फैजपूरचं अधिवेशन यशस्वी व्हावं म्हणून गावोगाव हिंडणाऱ्यांत साने गुरुजी होते. त्याच गुरुजींनी 1947 मध्ये, 1 मे ते 10 मे, पंढरपूरला उपोषण केलं आणि विठ्ठलाचं दार अस्पृश्यांना उघडायला लावलं. माणूस सच्चा होता, त्याच्या कळवळ्यावर मी शंका घेणार नाही. त्याचा देवही सच्चा असेल. पण पुढं काय झालं ऐका. आमच्या माणसांच्या पावलांनी विटाळ होईल म्हणून विठ्ठलाचं तेज आधीच घागरीतल्या पाण्यात काढून ठेवलं गेलं, अशी हकीगत पंढरपूरची अजून सांगितली जाते. आता बघा गंमत. जो माणूस देवाला मूर्तीतून काढून घागरीत ओतू शकतो, त्याला मूर्तीत देव नाही हे तुमच्या-माझ्यापेक्षा पक्कं ठाऊक असतं. वस्तीतल्या बाईला ते ठाऊक नाही म्हणून तिला अडाणी म्हणायचं. त्याला ठाऊक असून तो धंदा करतो, त्याला काय म्हणायचं?

दार उघडलं 1947 ला. ताट सुटलं कधी? पंढरपूर मंदिराचा कायदा झाला 1973 मध्ये, बडवे-उत्पात कोर्टात गेले, आणि सुप्रीम कोर्टानं त्यांचा वंशपरंपरेचा हक्क कायमचा निकालात काढला तो जानेवारी 2014 मध्ये. सदुसष्ट वर्षं! विटाळ सोडायला दहा दिवसांचा उपास पुरला, उत्पन्न सोडायला सदुसष्ट वर्षं लागली. धर्म नावाच्या कारखान्यात माल काय बनतो ते यातून कळतं. ज्याला भेटायला बडव्याची परवानगी लागते तो देव नव्हे, ते कार्यालय आहे. आणि त्या कार्यालयाच्या दारात, पायरीशी, चोखोबाची समाधी. मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम करताना 1338 मध्ये ढिगाऱ्याखाली मेलेला वेठबिगार. काम करताना मेला, म्हणजे आपल्या हिशेबात तो हुतात्मा कामगार. तुमच्यातले काही त्याला लाचार म्हणतात. बाबासाहेबांनी 1948 मध्ये 'अस्पृश्य मूळचे कोण' हा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केला. तिघेही देव मानणारे. लाचारांना कुणी ग्रंथ अर्पण करतं का?

आमच्या जिनिंगमध्ये खंडेनवमीला यंत्राची पूजा असते. नारळ फुटतो, भटजी येतो, मालक सहकुटुंब येतो. वर्षभर त्या यंत्राशी ज्याची बोटं खेळतात तो लांब उभा. मग भंडारा. भंडाऱ्याची वर्गणी प्रत्येकाच्या पगारातून परस्पर दोनशे रुपये कापली जाते, विचारणं नाही, पावती मात्र पक्की, वर 'श्री' छापलेलं. मी विचारलं, मी बौद्ध, माझे का कापले? मुकादम म्हणाला, देवाच्या कामाला नाही म्हणू नये. हा तो संघटित धर्म. याच्याविरुद्ध समितीचा ठराव कुठाय? तो नाही. ठराव आहे शेवटच्या गल्लीतल्या म्हातारीविरुद्ध. तिच्या घरून मरीआईची तसबीर उचलून आणली पोरांनी. त्या तसबिरीच्या काचेत कोपऱ्यात तिच्या मेलेल्या पोराचा पासपोर्ट साइजचा फोटो खोचलेला आहे. घरात त्याचा दुसरा फोटो नाही. मालकाचा गणपती सुरक्षित, म्हातारीची मरीआई कपाटात. याला विद्रोह म्हणतात?

आणि आपल्या घरचं झाकून मी बोलणार नाही. जिथं माणसाच्या आणि त्याच्या श्रद्धेच्या मध्ये कुणीतरी खुर्ची टाकून बसतो तिथं धर्म संघटित झाला, मग त्याचा झेंडा भगवा असो, हिरवा असो की निळा. लग्न लावायला येणाऱ्याचं 'दान' आधी ठरवून घेतलं जातं. विहाराच्या समितीत आडनावं बघून पदं. बुद्धानं स्वतःला मार्गदाता म्हटलं, मोक्षदाता म्हटलं नाही, आणि आपण बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोर परीक्षेच्या पासिंगसाठी हात जोडतो! 'जातिव्यवस्थेचे निर्मूलन' मध्ये 1936 साली बाबासाहेबांनी हिंदूंना सुचवलं होतं की पुरोहितपण जन्मानं मिळू नये, पुरोहितानं सरकारी परीक्षा द्यावी, सनद घ्यावी, त्यांची संख्या कायद्यानं ठरवावी. हिंदूंनी ऐकलं नाही ते सोडा. आपल्यातल्या किती जणांना ती सनद मिळाली असती?

एक आक्षेप खरा जड आहे, त्याला बगल देत नाही. खैरलांजीत, 29 सप्टेंबर 2006 ला, तुझा देव कुठं होता? आपल्याच जिल्ह्यात, जामनेर तालुक्यातल्या वाकडीला, जून 2018 मध्ये मातंगांच्या पोरांना विहिरीत पोहले म्हणून नागवं करून मारलं, तेव्हा कुठं होता? माझ्याजवळ उत्तर नाही. ज्यांच्याजवळ उत्तर तयार असतं, गेल्या जन्माचं कर्म, त्याची इच्छा, त्यांच्या तोंडावर मी थुंकतो. तोच तर संघटित धर्माचा खास माल, आपल्या मढ्यांवर टाकायला विणलेलं कापड. मी हा प्रश्न देवालाच विचारतो, शिव्या घालून विचारतो. ज्याला शिवी घालता येत नाही तो देव मालकाचा.

दुसरा आक्षेप : तुझा देव तुला उद्या समरसतेच्या मंडपात नेऊन बसवील. बरोबर आहे, भीती खोटी नाही. जानेवारी 2023 मध्ये जामनेर तालुक्यात गोद्रीला बंजाऱ्यांचा कुंभ भरवला. तांड्याला सेवालाल महाराज होते, तांड्याची स्वतःची रीत होती. तिथं जाऊन सांगायचं की तुम्ही मूळचे आमचेच. समता मागणाऱ्याला समरसता वाढायची, ही युक्ती आपण ओळखतो. पण हे मंडपवाले कुणाला उचलून नेतात? ज्याला आपल्या माणसांनी हाकललं त्याला. म्हातारीच्या दारात तुम्ही जप्तीला गेलात, उद्या ते साडी-चोळी घेऊन जातील.

कुणी म्हणेल, बंडखोर माणूस नास्तिकच असला पाहिजे, भगतसिंग बघ, पेरियार बघ. बघितले, दोघांनाही माझा सलाम. पण 1972 मध्ये आपल्या पोरांनी पँथर हे नाव ज्या काळ्या माणसांकडून घेतलं त्यांच्याकडंही बघा. जोतीरावांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. त्या गुलामांतला एक फ्रेडरिक डग्लस. त्याचा मालक एका धर्मसभेला जाऊन भाविक होऊन आला, आणि आधीपेक्षा जास्त क्रूर झाला. डग्लसनं 1845 च्या पुस्तकात हे लिहिलं, मालकांच्या ख्रिस्ती धर्माचे वाभाडे काढले, आणि ख्रिस्त मात्र मालकाला देऊन टाकला नाही. माल्कम एक्सनं मार्च 1964 मध्ये नेशन ऑफ इस्लाम सोडली, ज्या संघटनेनं त्याला तुरुंगातून माणसात आणलं ती सोडली, आणि महिन्याभरात मक्केला गेला. संघटना सुटली, अल्ला सुटला नाही. हे दोघे तुमच्या समितीत बसले असते का? तेराव्या खुर्चीवर, माझ्या शेजारी.

आपल्या गावाच्या नावात फैज आहे. फैज म्हणजे कृपा, भरभराट. हा शब्द कुठून आला म्हणून तोही कुणी जप्त करायला निघेल, दिवस तसेच आहेत.

तेव्हा मला बाहेर काढायचं तर काढा, सहा डिसेंबरला कविता वाचू देऊ नका, माझं काही अडत नाही. पण म्हातारीची तसबीर रविवारपर्यंत तिच्या घरी पोचली पाहिजे, आणि ज्यानं उचलली त्यानंच ती नेऊन द्यायची. दुसरी गोष्ट. भंडाऱ्याची वर्गणी पगारातून कापू नये म्हणून जिनिंगच्या ऑफिसात द्यायला मी अर्ज लिहिलाय. आतापर्यंत चौदा सह्या झाल्या. तीन मुसलमान, एक तडवी, दोन लेवा पाटलांची पोरं, बाकी आपली माणसं. दोघं पाटील तर भंडाऱ्यात वाढपी असतात, देवभोळे आहेत, तरी सही केली. तुमच्या ठरावावर ज्या बारा सह्या आहेत त्यातल्या चौघांची सही या अर्जावर अजून नाही. चौघेही माझ्याच पाळीत आहेत. पेन मी घेऊन येतो.