छातीत कळ आली की घड्याळ बघा

आमच्या भंडारा जिल्ह्यात रात्री छातीत दुखायला लागलं, की घरात पहिला शब्द निघतो ‘गॅस’. मग ओवा येतो, सोडा येतो, कुणी पाठ चोळून देतं आणि ‘सकाळी बघू’ म्हणून दिवा मालवला जातो. गॅस असेल तर ठीक. पण हार्ट अटॅक असेल, तर सकाळपर्यंत हृदयाच्या स्नायूचा काही भाग मेलेला असतो आणि तो पुन्हा जिवंत होत नाही.

हृदयाला रक्त पुरवणारी नळी गुठळीनं अचानक बंद होते, तेव्हा अटॅक येतो. ती उघडण्याचा उत्तम उपाय अँजिओप्लास्टी. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी हृदयापर्यंत नेतात, फुगा फुगवून वाट मोकळी करतात आणि जाळीदार स्टेंट बसवतात. जाग्या माणसावर हा उपचार पहिल्यांदा केला तो डॉ. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी, झुरिचमध्ये, १६ सप्टेंबर १९७७ रोजी.

आपली अडचण अंतराची. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर; लाखांदूर, साकोलीहून त्याहून बरंच लांब. अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणार नसेल, तर आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यावं, असं हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्था सांगतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्ट्रीम’ अभ्यासात १,८९२ रुग्ण होते. दुखणं सुरू होऊन तीन तास झालेले नव्हते आणि तासाभरात अँजिओप्लास्टी शक्य नव्हती, असे हे रुग्ण. इंजेक्शन देऊन पुढे पाठवलेल्यांचे परिणाम थेट अँजिओप्लास्टी झालेल्यांच्या तोडीचे निघाले. मेंदूत रक्तस्रावाचा धोका मात्र थोडा जास्त होता, म्हणून ते कुणाला द्यायचं हे डॉक्टरच ठरवतात. तेव्हा गाडी शोधत नागपूरची वाट धरण्याआधी जवळच्या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढून घ्या. १०८ ला फोन करा. रुग्णाला मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका.

बायका आणि मधुमेही यांना कधी कधी छातीत दुखतच नाही. दम लागतो, घाम फुटतो, जबडा किंवा पाठ दुखते, मळमळतं. अम्मी ‘काही नाही, थकवा आहे’ म्हणाली तरी ईसीजी काढाच.

आता दुसरी बाजू. अटॅक नाही, पण चालताना छाती भरून येते आणि तपासणीत नळी अरुंद निघाली. अशा वेळी घाबरून शेत विकायला निघू नका. ‘इस्केमिया’ अभ्यासात ३७ देशांतले ५,१७९ रुग्ण होते. २०२० साली त्याचे निष्कर्ष छापून आले. अशा स्थिर आजारात औषधांबरोबर लगेच अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्यानं मृत्यू कमी झाले नाहीत. छातीचं दुखणं मात्र कमी झालं. मुख्य नळीतला मोठा अडथळा किंवा फार दुबळं हृदय असलेले रुग्ण त्यात नव्हते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: हा अटॅक आहे की जुना आजार? आजच करायला हवं, की औषधं घेऊन थांबता येईल?

खर्चाचंही ऐका. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्रानं औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत कर वगळून २९,६०० रुपये ठरवली. त्याआधी ती लाखाच्या घरात जात असे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतही अँजिओप्लास्टी आहे. रेशनकार्ड आणि आधार एकाच पिशवीत ठेवा.

स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनानं बंद करू नयेत; स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. रमजानपूर्वीच डॉक्टरांना भेटून रोजे झेपतील का, आणि सहरी-इफ्तारला गोळ्या कशा बसवायच्या, हे विचारून घ्यावं. आजाऱ्याला शरीअतनं सवलत दिलेलीच आहे.

आज जेवणं झाली की घरातल्या सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवा: आपल्या गावाजवळ रात्री दोन वाजता ईसीजी कुठे निघतो? उत्तर माहीत नसेल, तर उद्याच विचारून या आणि दाराजवळच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.