आजोबांचा धाक की आजोबांचा आदर?

सायंकाळी सहाच्या सुमारास नेरूळ-वाशीच्या कोणत्याही उद्यानात डोकावले, तर बाकांवर आजी-आजोबा आणि भोवती हुंदडणारी नातवंडे हे दृश्य हमखास दिसते. आईवडील त्या वेळी कचेरीत वा हार्बरच्या गर्दीत अडकलेले असतात. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने हे शहर वसवले, १९९२ मध्ये लोकल खाडी ओलांडून वाशीला आली. आणि गावाकडचे अंगण सोडून अनेक आजी-आजोबा येथील सदनिकांत आले ते नातवंडांसाठीच. दिवसाचे दहा-बारा तास संस्कारांची धुरा त्यांच्या खांद्यावर असते. अधिकार मात्र उसना!

अडचण येथेच उद्भवते. नातू गृहपाठ टाकून मोबाईलला चिकटतो. आजोबा दोनदा सांगतात, तिसऱ्यांदा हात उगारतात. ‘आम्हीही मार खाऊनच घडलो’ हे समर्थन ठरलेले. जोडीला पाच वर्षे लाड आणि दहा वर्षे ताडन सांगणारे संस्कृत सुभाषितही असते. त्याच सुभाषितात सोळाव्या वर्षी मुलाशी मित्रत्वाने वागावे असे सांगितले आहे, त्याचा विसर मात्र सोयीस्करपणे पडतो. दहा वर्षे ज्याचे भय बाळगले, त्याच्याशी अकराव्या वर्षी मैत्री कशी जुळावी?

शाळेतील छडी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने हद्दपार केली. शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई झाली. हे पाश्चात्त्यांचे फॅड, असे म्हणणाऱ्यांनी गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांचे कार्य आठवावे. भावनगरच्या बालमंदिरात आणि पुढे बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत भय व आमिष या दोहोंवाचून मुले शिकू शकतात, हे त्यांनी कित्येक दशके आधी दाखवून दिले होते. आणि आजीच्या हाती वाढलेला नातू लाडावतो, हा समज? संभाजीराजे अवघे दोन वर्षांचे असताना, १६५९ मध्ये, सईबाई निवर्तल्या. त्यानंतर त्यांचे संगोपन जिजाऊंच्या छायेत झाले. एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

मारापेक्षाही खोल जखम करतो तो चारचौघांतील पाणउतारा. पाहुण्यांसमोर नातवाच्या गुणांचे आकडे काढणे, शेजारच्या मुलाशी तुलना करणे, ‘तुझ्या आईनेच बिघडवले’ असे सुनेला लागेल अशा बेताने म्हणणे. या शेवटच्या वाक्याने तर मुलाला घरातील भेग नेमकी कोठे आहे ते कळते आणि ते तिचा पुरेपूर उपयोग करते. मोबाईल किती वेळ, हे मुलगा-सुनेने आणि आजी-आजोबांनी आधी आपसांत ठरवावे. नातवालाही त्या बैठकीत बसवावे. आजोबांचा आवाज चढलाच, तर त्यांनी नातवापाशी चूक कबूल करावी. हे जड जाते खरे. पण ‘माझे चुकले’ हे शब्द मूल दुसऱ्या कोणाकडून शिकणार?

रात्री साडेआठला दमलेली सून दारात पाऊल टाकते, तेव्हा तक्रारींचा पाढा वाचू नये. आधी तिच्या हाती पाण्याचा पेला द्यावा. दुपारी काय घडले ते नातवाने स्वतःच आईला सांगायचे, अशी आजोबांची आणि त्याची बोली आधीच झालेली असावी.