एकाचे उष्टे, दुसऱ्याचे अन्न

थंडीचे दिवस आले की असीरगडाच्या पायथ्याशी वारा कसा झोंबतो, हे इकडच्या वाचकांना सांगावयास नको. टाचा फुटतात, ओठ उलतात आणि कपाटातली ग्लिसरीनची बाटली बाहेर निघते. परवा शाळेत नववीच्या एका मुलाने विचारले, “सर, हे येते कुठून?” मी पडलो भाषेचा माणूस. विज्ञानाच्या शिक्षकांना गाठले, चार पुस्तके चाळली. त्यातून जे हाती लागले, ते या महिन्यात वाचकांपुढे ठेवतो.

ग्लिसरीनलाच शास्त्रात ग्लिसरॉल म्हणतात. तेलाचा साबण केला की ते मागे उरते. पहिल्या महायुद्धात त्याला भलतेच मोल आले, कारण नायट्रोग्लिसरीन हे स्फोटक त्यापासून होते. तेलाचा तुटवडा सोसणाऱ्या जर्मनीने तेव्हा साखर यीस्टकडून आंबवून ग्लिसरॉल मिळवले. काळाचा महिमा असा, की आज तेच नकोसे झाले आहे. वनस्पती तेलापासून बायोडिझेल करताना दर 100 किलोमागे सुमारे 10 किलो ग्लिसरॉल उरते, आणि तेही मेथॅनॉल, क्षार व साबण यांनी गढूळ झालेले. ते शुद्ध करण्याचा खर्च लहान कारखान्यांना पेलत नाही.

या उरलेल्या वस्तूवर काही जिवाणू मात्र सुखाने जगतात. 1881 साली ऑगस्ट फ्रॉइंड यांना आढळले, की ग्लिसरॉल आंबले की त्यात प्रोपेनडायॉल नावाचे द्रव्य तयार होते. हवेविना जगताना जिवाणूंजवळ हायड्रोजनचा भार वाढतो. तो ते काही ग्लिसरॉलवरच लादतात आणि बाहेर टाकून देतात. जिवाणूच्या लेखी हा केरच. पण त्यापासून पॉलिएस्टर जातीचा मऊ धागा बनतो. यंत्रमागांच्या खडखडाटात वाढलेल्या बऱ्हाणपूरकरांना त्याचे मोल निराळे सांगणे नलगे.

अडचण अशी, की हे काम उत्तम जाणणाऱ्या क्लेब्सिएला जिवाणूंपैकी एक जात न्यूमोनियासारखे रोग घडवते. तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याची विद्या घेतली आणि संगत टाळली. त्याची जनुके ई. कोलाय या जिवाणूच्या निरुपद्रवी वाणात घातली. साखरेपासून ग्लिसरॉल करणारी जनुके यीस्टकडून आणली. अशा जिवाणूंवर चालणारा ड्यूपॉन्टचा भागीदारीतील कारखाना 2006 साली अमेरिकेत टेनेसी राज्यातील लाउडन येथे सुरू झाला. त्याच वर्षी ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठातील रेमन गोन्झालेझ व सहकाऱ्यांनी दाखवले, की ई. कोलाय स्वतःच हवेविना ग्लिसरॉल आंबवू शकतो. तोवर उलट समजूत होती. पुढे जनुकांत फेरफार करून त्याच्याकडून अल्कोहोल, लॅक्टिक आम्ल आणि सक्सिनिक आम्ल मिळवण्याचे मार्ग खुले झाले.

जनुकांची अदलाबदल म्हटली की मनात भीती उभी राहते, आणि ती अगदीच निराधार नाही. कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखात 2002 पासून बीटी वाणाची चर्चा घरोघर झाली. तिथे जिवाणूचे जनुक रोपात घातले आणि रोप उघड्या शेतात वाढते. इथे जिवाणू बंद टाकीत राहतो, आणि काम संपल्यावर त्याला मारूनच सांडपाणी सोडावयाचे असते. आपल्या देशात यासाठी 1989 चे नियम आहेत. मधुमेहींचे इन्सुलिनही 1982 पासून अशाच जिवाणूंकडून मिळते. तरीही नियम कागदावर असणे आणि टाकीपाशी पाळले जाणे, यातले अंतर आपण सारे जाणतो.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लाउडनच्या जिवाणूंना मक्याची साखर मिळते, बायोडिझेलचे उष्टे नव्हे. गढूळ ग्लिसरॉलमधल्या मळाने जिवाणूंची वाढ खुंटते. प्रयोगशाळेत जे साधते, ते बाजारात परवडेलच असे नाही. पण भारताने 2018 च्या जैवइंधन धोरणात 2030 पर्यंत डिझेलमध्ये 5 टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते जितके साधेल, तितके ग्लिसरॉल उरणार. गाडा पुढे गेल्यावर मागच्या धुळीची चिंता करणे हा आपला जुना दोष. या वेळी तरी विचार आधी व्हावा.

त्या मुलाला मी हे सारे सांगितले. तो क्षणभर थांबून म्हणाला, “म्हणजे सर, केर असा काही नसतोच, घेणारा भेटला पाहिजे.” मी मान डोलावली आणि एवढेच जोडले, की घेणारा घडवावाही लागतो, आणि त्याला अभ्यास लागतो.