अकरावीला गणित सोडावे का?



दहावीचा निकाल लागला की अकलूजच्या घराघरांतून विचारणा होते, "साहेब, पोरीला गणित जड जातंय. भौतिकशास्त्र आहेच, मग गणित सोडलं तर?"

उभ्या भिंतींचा हौद तळाच्या तोटीने रिकामा करून पाहा. पाणी चौथाईवर आले की धारेचा वेग निम्मा होतो. एवढे बीजगणित सांगते. पण सुरुवातीच्या धारेने तासात संपेलसा वाटणारा हौद संपायला सुमारे दोन तास लागतात. बदलत्या धारेचा हा हिशेब कलनाचा, आणि कलन बारावीच्या गणितात असते.

बी.एस्सी. कृषीला जीवशास्त्राचा गट चालतो. कृषी अभियांत्रिकीला गणित लागतेच. म्हणून पोरीला काय व्हायचे आहे ते आधी विचारा, मगच विषय ठरवा.